अपघातात जो वाचतो, त्याचा हिशेब

पोस्ट लांब आहे. पण आष्टी, तळेगाव, आर्वी, कारंजा या पट्ट्यातल्या प्रत्येक घराशी तिचा संबंध आहे, म्हणून सवडीनं का होईना, शेवटपर्यंत वाचा.

माझ्याकडे एक जुना स्टॅम्पपेपर आहे. डिसेंबर १९८३ चा. त्यावर लिहिलंय की अपघातात झालेल्या इजेपोटी ३,००० रुपये रोख मिळाले, यापुढे माझी कोणतीही तक्रार राहिली नाही. खाली अंगठा आहे. तो माझ्या बाबांचा. बाबा सातवी शिकलेले होते, त्यांना सही येत होती, अक्षरही चांगलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. म्हणून सही येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला गेला.

बाबा संत्र्याच्या रोपवाटिकांमध्ये डोळे भरायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरीच्या खुंटावर टी आकाराची चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढायचा, चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. हे सगळं काही सेकंदांत. आष्टी-वरुडच्या पट्ट्यात या कामाला मान होता आणि साध्या मजुरीपेक्षा पैसाही जास्त होता. हंगाम थंडीचा. त्या हंगामातच एका संध्याकाळी सायकलवरून घरी येताना संत्र्याच्या ट्रकनं त्यांना मागून उडवलं. जीव वाचला. कोपर आणि मनगट मात्र कायमचं गेलं. हात जोडला गेला, पण बोटांची मूठ पुन्हा कधी पूर्ण मिटली नाही.

आठव्या दिवशी ट्रकमालकाकडून माणूस आला. सोबत गावातली तीन प्रतिष्ठित मंडळी. मी लहान होतो, पण एक वाक्य अजून कानात आहे. "जाऊ द्या ना जी, कायले कोर्टकचेरीच्या भानगडीत पडता? तुमच्या सायकलले लाईट नोता. चूक तुमचीच निघन, हे तीन हजारबी जाईन." आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "द्या मग, कुठं लावू अंगठा?"

त्या मंडळींना मी दोष देत नाही. त्यांनाही तेवढंच माहीत होतं. पण ते चूक सांगत होते. त्या संध्याकाळच्या सव्वा वर्ष आधीच देशाचा कायदा बदलला होता. सायकलला लाईट होता की नव्हता याचा ज्याच्याशी काही संबंध नाही, असा हक्क बाबांना मिळाला होता. तो आमच्या घरापर्यंत पोचलाच नाही. हे मला कळलं तेव्हा बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. त्यानंतर मी या कायद्याचा इतिहास शोधून वाचत गेलो. मी वकील नाही. जे समजलं ते सांगतो.

सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करावी लागेल.

इंग्रजांच्या जुन्या कायद्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. तुम्ही कुणाचा निष्काळजीपणे हात मोडला तर तो तुमच्यावर दावा करू शकत होता. पण तुम्ही त्याला मारूनच टाकलंत, तर त्याच्या बायकापोरांना काहीही मागता येत नव्हतं. माणूस गेला की त्याचा दावाही गेला. १८०८ साली इंग्लंडच्या कोर्टानं हे स्पष्टच सांगितलं होतं. म्हणजे पैशाच्या हिशेबानं जखमी करण्यापेक्षा मारणं स्वस्त! पुढे आगगाड्या आल्या, अपघात वाढले, तेव्हा ही लाज झाकायला १८४६ मध्ये तिथं नवीन कायदा करावा लागला. आपल्याकडे मुंबई-ठाणे गाडी एप्रिल १८५३ मध्ये धावली आणि दोनच वर्षांत, १८५५ मध्ये, तसाच प्राणांतिक अपघात कायदा हिंदुस्थानातही आला. वर्ध्यावरून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात गाडी येण्याआधी कायदा आलेला होता.

हे मुद्दाम सांगितलं, कारण आज आपल्याकडे नेमकी उलटी गत आहे. मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते: मृतांच्या वारसांना अमुक लाख, जखमींच्या उपचाराचा खर्च सरकार करणार. मेलेल्या माणसाचा आकडा त्याच दिवशी ठरतो. जखमीचा फक्त दवाखान्याचा खर्च. तो घरी आल्यावर त्याची पुढची तीस वर्षं कशी जायची, हा प्रश्न बातमीत नसतो. मयताच्या घरी पुढारी भेटायला येतात. लंगडत घरी आलेल्याकडे सुरुवातीला नातेवाईक येतात, मग तेही येईनासे होतात.

आता मोटारीकडे येऊ.

१९३९ चा मोटार वाहन कायदा हा आपल्याकडचा मोठा टप्पा. रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसाला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून प्रत्येक गाडीचा विमा सक्तीचा, हे तत्त्व त्यात होतं. ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. ज्या आष्टीनं १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, इंग्रजांच्या गोळ्या झेलल्या, त्या आष्टीत १९४६ साली मोटारी किती असतील? पण विम्याची ही सक्ती आजही प्रत्येक जखमीचा पहिला आधार आहे. ट्रकवाला गरीब असो, पळून जावो, दिवाळखोर निघो, त्याच्यामागे एक कंपनी उभी असते. ट्रकच्या काचेवरचा तो विम्याचा कागद मालकाच्या सोयीसाठी नाही. तो रस्त्यावरून चालणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी आहे.

विमा आला तरी दावा मात्र दिवाणी कोर्टातच करावा लागे. मागणी जेवढी मोठी तेवढी कोर्ट फी मोठी. हात मोडलेला मजूर ती कुठून आणणार? म्हणून १९५६ च्या दुरुस्तीनं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आलं, ज्याला आपण सगळे ट्रिब्युनल म्हणतो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वर्धा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. आपलं राज्य बदललं आणि भरपाई मागण्याचं दारही बदललं. पण त्या दारावर घड्याळ लावलेलं होतं. सुरुवातीला मुदत होती फक्त ६० दिवस. १९६९ मध्ये ती सहा महिने झाली. या घड्याळाबद्दल पुढे पुन्हा बोलू, कारण आज ते परत आलंय.

आता आपल्या शेजारच्या रस्त्यावरचा एक खरा खटला सांगतो. देशभरच्या वकिलांना तो माहीत आहे, पण तो आपल्या भागातला आहे हे फार कमी लोकांना ठाऊक असेल.

१८ डिसेंबर १९६०. एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याला निघाली. चालवत होते कंपनीचे मॅनेजर. सोबत एक गृहस्थ होते. गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली आणि ते गृहस्थ गेले. त्यांच्या पत्नीनं दावा केला. कंपनीचं म्हणणं असं की मॅनेजर कंपनीच्या कामावर नव्हते, शिवाय निष्काळजीपणा कोणी पाहिला? साक्षीदार कुठाय? ट्रिब्युनलनं त्या बाईंच्या बाजूनं निकाल दिला, मध्य प्रदेश हायकोर्टानं तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयानं मार्च १९७७ मध्ये तो पुन्हा त्यांच्या बाजूनं केला. कोर्टानं जे म्हटलं ते सोप्या भाषेत असं: चांगली चाललेली गाडी रस्ता सोडून झाडावर आपोआप जात नाही. ती गेली, हीच निष्काळजीपणाची साक्ष. घटना स्वतःच बोलते. आता चूक नव्हती हे गाडीवाल्यानं सिद्ध करावं.

अपघात १९६० ला, निकाल १९७७ ला. सोळा वर्षं उलटून गेली होती. पण त्या बाई थांबल्या नाहीत म्हणून आज रात्रीच्या अंधारात, एकही माणूस पाहायला नसताना झालेल्या अपघातातही जखमीला उभं राहता येतं. कायद्याच्या पुस्तकात हा खटला 'पुष्पाबाई उदेशी' या नावानं आहे.

त्याच १९७७ साली मुंबईतल्या एका खटल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयानं दुसरी गोष्ट ठामपणे सांगितली. ट्रक आणि मोटारीची धडक होती, मोटारवाला जखमी झाला होता. ट्रकमालक म्हणे, गाडीत अचानक बिघाड झाला, माझी काय चूक? मुंबई हायकोर्टाचं मत पडलं की भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध करायची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्या जखमीची भरपाई कायम ठेवली, बिघाडाचा बहाणा सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली, पण हायकोर्टाचं ते मत मात्र खोडून काढलं. चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, कायदा बदलायचा तर संसदेनं बदलावा.

संसदेनं तो बदलला. १९८० मध्ये विधी आयोगानं शिफारस केली आणि १ ऑक्टोबर १९८२ पासून कलम ९२-अ लागू झालं. चूक कोणाची हे न विचारता मृत्यूला १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. जखमीची स्वतःची चूक असली तरीही. एखादा अवयव किंवा सांधा कायमचा निकामी झाला तर ते कायमचं अपंगत्व, हेही कायद्यानं लिहून ठेवलं.

आता पुन्हा तो स्टॅम्पपेपर पाहा. डिसेंबर १९८३. कोपर गेलेलं. सायकलला लाईट नव्हता. ७,५०० रुपये कायद्यानं हक्काचे होते, एकही प्रश्न न विचारता. आणि ट्रकवाल्याची चूक सिद्ध झाली असती तर त्याहून कितीतरी जास्त. आमच्या घरी आले ३,०००, आणि तेही उपकार म्हणून.

हे ९२-अ कागदावर होतं म्हणून ते सहज मिळत होतं, असंही नाही. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुण्याहून बंगळूरच्या दिशेनं जाणाऱ्या पेट्रोल टँकरची कवठे गावाजवळ ट्रकशी धडक झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन आडवा पडला. पेट्रोल गळत राहिलं, माणसं जमली, आणि जवळजवळ चार तासांनी स्फोट झाला. भाजून जे गेले त्यांत एका आईचा मुलगा होता. तिनं १५,००० रुपये मागितले. ट्रिब्युनल म्हणालं, टँकर तर पडलेला होता, तो 'वापरात' कुठं होता? आई मुंबई हायकोर्टात गेली, जिंकली. समोरची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९१ मध्ये तिथंही आईच जिंकली. पडलेली, बंद, थांबलेली गाडीही वापरातच धरायची, असा अर्थ देशभर कायम झाला. पंधरा हजारांसाठी दिल्लीपर्यंत! रस्त्याच्या कडेला रात्री बिनलाईटचा ट्रॅक्टर उभा असतो आणि कोणी त्याच्यावर जाऊन आदळतो, तेव्हा त्या आईचा खटला कामाला येतो.

पुढे १९८८ चा नवा कायदा आला, १ जुलै १९८९ ला लागू झाला. चूक न विचारता द्यायची रक्कम २५,००० आणि १२,००० झाली, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. १९९४ च्या दुरुस्तीनं आणखी दोन मोठ्या गोष्टी केल्या. जखमी माणूस जिथं राहतो तिथंही दावा करता येऊ लागला. म्हणजे आष्टीच्या ड्रायव्हरला गुजरातमध्ये अपघात झाला तर त्यानं सुरतेला खेटे घालायची गरज उरली नाही, वर्ध्यात दावा होऊ शकतो. आणि दुसरी गोष्ट, दारावरचं ते घड्याळच काढून टाकलं. मुदतच नाही. दवाखान्यातून सुटायला वर्ष लागलं तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जखमीचं नुकसान मोजायचं कसं?

मेलेल्या माणसाचा हिशेब तसा सोपा असतो. वर्षाची कमाई, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा, आणि वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. ही गुणकाची पद्धत इंग्लंडमधल्या एका कोळसा खाणीच्या खटल्यातून प्रसिद्ध झाली. साल १९४२. आष्टी-चिमूर पेटलं तेच साल, योगायोग. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या 'सरला वर्मा' निकालात वयाचा तक्ता पक्का केला. २५ वर्षांपर्यंत १८, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, असा तो उतरत जातो. २०१७ च्या 'प्रणय सेठी' निकालानं भविष्यात वाढणारी कमाईही धरायला लावली. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा असेल तर ४० टक्के वाढ.

पण जखमीचं तसं नाही. तो जिवंत आहे, दिसायला धडधाकट आहे. डॉक्टर लिहितो, अपंगत्व ३० टक्के. आणि विमा कंपनी म्हणते, मग कमाईही फक्त ३० टक्केच बुडाली.

इथं २०१० चा 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' हा निकाल माझ्या मते प्रत्येक गावात मोठ्यानं वाचून दाखवला पाहिजे. कोर्टानं सांगितलं की डॉक्टरांचा टक्का आणि कमाईचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्रकारे हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचा रोजगार पूर्ण बुडतो, सरकारी कारकुनाचा पगार मात्र चालूच राहू शकतो. म्हणून ट्रिब्युनलनं आधी पाहावं की हा माणूस आधी काय करत होता, आता काय करू शकतो, आणि त्यातून कमाई किती उरते. कागदावरचा टक्का पाहून गुणाकार करू नये.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. बाबांचा हात कोणीही पाहिला असता तर म्हणाला असता, आहे की हात! चहाचा कप धरत होते, बैलाची वेसण धरत होते. फक्त डोळा भरता येत नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत येत नव्हतं. डॉक्टरच्या हिशेबानं ३० टक्के असेल. डोळे भरणाऱ्याच्या हिशेबानं शंभर.

गणित करून पाहू. त्या वेळी त्यांची वर्षाची कमाई सरासरी महिन्याला ३५० रुपये पडत असेल. वर्षाचे ४,२००. वय ३६, आजच्या तक्त्यानं गुणक १५. तीस टक्के धरले तर १८,९००. शंभर टक्के धरले तर ६३,०००. पुढची वाढ, औषधपाणी, वेदना, आईनं मजुरी बुडवून केलेली सेवा, हे सगळं वेगळं. तक्ता आजचा आहे, मान्य. तेव्हाच्या कोर्टानं कमी-जास्त केलं असतं. पण ३,००० आणि ६३,००० यांत जे अंतर आहे ना, त्यात माझ्या थोरल्या बहिणीची शाळा होती. बाबा पुढं दुसऱ्याच्या बगिच्यात रखवालदारी करत राहिले. डोळे भरायला शिकवायचे पोरांना, बाजूला बसून, तोंडानं.

आता एक कडू गोष्ट, जी आपल्या तालुक्यात रोज घडते.

कापूस वेचायला, संत्रा तोडायला बायका कशानं जातात? टेम्पोनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मॅक्स-पिकअपमध्ये उभ्यानं. लग्नाचं वऱ्हाडही तसंच. ही मालवाहू गाडी. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली 'आशा रानी' निकालात स्पष्ट केलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर त्याला संरक्षण आहे. विम्यात मजुरांचा वेगळा हप्ता भरलेला असेल तर गोष्ट वेगळी. कधी कधी कोर्ट कंपनीला सांगतं की आधी तू दे, मग मालकाकडून वसूल कर. पण त्याचा भरवसा धरता येत नाही. ट्रॉली उलटून वीस बाया जखमी होतात तेव्हा बहुतेकींच्या वाट्याला फक्त गाडीमालक येतो, आणि तो त्यांच्याच गावचा, तीन एकरवाला. त्याच्यावर दावा कोण करणार? आणि केला तरी तो देणार कुठून? म्हणून बगिचेवाल्या दादांना हात जोडून सांगणं आहे. मजूर नेता तर प्रवासी गाडीनं न्या, नाहीतर विमा एजंटाला विचारून मजुरांचा हप्ता भरा. तो हप्ता वाचवू नका.

आणि आता घड्याळ.

२०१९ च्या दुरुस्तीनं ती मुदत परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. १९६९ मध्ये होतं तेच, उलट त्याहून कडक. तेव्हा उशिराचं सबळ कारण पटलं तर माफी होती. नव्या कलमात ती लिहिलेली नाही. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश देऊन सांगितलं की उशीर झाला एवढ्यावरून दावे फेकून देऊ नका. पण अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

मुदतीचा हा फटका सगळ्यात जास्त कोणाला? जखमीला. मेलेल्याच्या घरी तेरवी झाली की कागदं गोळा होतात. जखमीचे सहा महिने ऑपरेशन, रॉड, ड्रेसिंग, तपासणी यातच जातात. अपंगत्वाचा दाखलाही हाड जुळून आल्याशिवाय नीट होत नाही. म्हणून लक्षात ठेवा, दाखला नंतर देता येतो, पण दावा आधी टाकायचा.

बाकी काय करायचं ते थोडक्यात.

पोलीस ठाण्यात नोंद झालीच पाहिजे. गाडीचा नंबर, विम्याची कंपनी, ड्रायव्हरचं लायसन्स त्यात येतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. तो दिला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता. दवाखान्यात गेल्या गेल्या विचारा.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. आधी हे १२,५०० आणि २५,००० होते. अर्ज महसूल कार्यालयाकडे, एसडीओ किंवा तहसीलदारांच्या पातळीवर.

चूक न विचारता मिळणारी रक्कम आज गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख आहे. पण सावध. ती स्वीकारली की ट्रिब्युनलमधला मोठा दावा संपतो. कायमचं अपंगत्व असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो, त्यांची कमाई कितीही असो.

आणि काम काय करत होता हे कागदावर आणा. नुसतं 'मजूर' लिहू नका. डोळे भरणारा, झाडावर चढून फळ तोडणारा, ट्रॅक्टर चालवणारा, शिवणकाम करणारी, असं लिहा. ज्यांच्याकडे काम केलं त्यांची साक्ष घ्या. बोटं मिटत नाहीत हे डॉक्टर सांगेल, पण त्या बोटांनी तुम्ही काय करत होता हे तुम्हालाच सांगावं लागेल.

मागच्या वर्षी आमच्या शेजारचा एक पोरगा अपघातातून वाचला. टाईल्स बसवायचं काम करतो, गुडघा गेलाय, खाली बसता येत नाही. त्याच्या घरीही अशीच मंडळी आली होती, रक्कम या वेळी पन्नास हजार. त्याच्या आईनं मला बोलावलं. मी तो १९८३ चा कागद घेऊन गेलो आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं अंगठ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग मंडळींना म्हणाली, "चहा घ्या जी. बाकी आता वर्ध्याले पाहू." दावा पाचव्या महिन्यात दाखल झाला. निकाल लागायचा आहे, लागेल तेव्हा सांगीन.

तुमच्या गल्लीत गेल्या सहा महिन्यांत अपघात होऊन कोणी घरी बसलं असेल, तर आज जेवण झाल्यावर त्याच्याकडे जा. बाकी काही बोलू नका, फक्त अपघाताची तारीख विचारा आणि बोटांवर महिने मोजा.